श्वास रोखायचा नाही!

मैत्रिणींनो, आपल्या खान्देशात समुद्र नाही. तापी आहे, गिरणा आहे, धुळ्याला पांझरा आहे, जळगावात मेहरूणचा तलाव आहे. पण समुद्र म्हणाल तर तो आपण लग्नाआधी शाळेच्या सहलीत नि लग्नानंतर मुलांच्या सुट्टीत, असा दोन-चारदाच पाहिलेला असतो. तोही काठावरून, साडी भिजू नये म्हणून निऱ्या दोन्ही हातांनी वर धरून. तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या एका जळगावकर बाईने तुम्हाला समुद्रात बुडालेल्या जहाजाची गोष्ट सांगावी, हे तुम्हाला जरा विचित्रच वाटेल. पण सांगते. कारण ही गोष्ट निम्मी त्या जहाजाची आहे आणि निम्मी माझ्या स्वयंपाकघरातल्या एका डब्याची. तसा डबा तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल, तर तिने ही जरूर वाचावी.

आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलाने नि सूनबाईने आम्हा दोघांना गोव्याला न्यायचं ठरवलं. ती दोघं पुण्याला असतात. सूनबाईला एक वेगळाच नाद आहे. पाठीवर हवेची टाकी बांधायची आणि समुद्राच्या तळाशी जाऊन यायचं! तारकर्लीला आपल्या पर्यटन महामंडळाचं केंद्र आहे, तिथे ती हे रीतसर शिकली. मला आधी वाटायचं, त्या टाकीत दवाखान्यातल्यासारखा ऑक्सिजन असणार. तसं नाही बरं का. आपण घेतो तीच साधी हवा दाबून दाबून भरलेली असते. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोघा फ्रेंच माणसांनी १९४३ साली ही युक्ती काढली. माणूस जितका खोल असेल तितक्या दाबाची हवा त्याला बेताबेताने तोंडात देणारी तोटीच म्हणा ना.

“आई, तुम्हीपण पाण्यात यायचं,” सूनबाई फोनवर म्हणाली. “वास्कोजवळ ग्रँड आयलंड नावाचं बेट आहे. त्याच्या बाजूला एक फुटकं जहाज पडलंय. सुझीज रेक म्हणतात त्याला. उथळच आहे, तीस-चाळीस फुटांवर. शिक्षक हाताला धरून नेतात.”

ह्यांनी शेजारून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. “बुडालेलं जहाज ही काय बघायला जायची गोष्ट आहे? त्यात माणसं गेलेली असतात.” आमच्या सासूबाईंचं लहानपण मुंबईला गेलेलं. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली, ते त्या फार गंभीर होऊन सांगायच्या. अलिबागकडच्या कितीतरी घरांत त्या दिवशी चूल पेटली नव्हती म्हणे. ह्यांच्या मनात ते लहानपणापासून बसलेलं.

सूनबाई हुशार. तिने वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मला दुसऱ्याच एका जहाजाची हकिकत सांगितली. गोव्याच्या समुद्रात सेंट जॉर्ज रीफ नावाचा खडक आहे. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी तिथे बुड्या मारून शोध घेतला, तर तळाशी काय सापडावं? सोनंनाणं नाही, हिरेमोती नाहीत. कौलं! कौलं, फरशा, धुराड्याच्या विटा, सांडपाण्याचे भाजलेले नळ, खांबांवर बसवायची नक्षीदार बोंडं. आणि त्यांवर ठसा ‘बासेल मिशन टाइल वर्क्स १८६५’. म्हणजे मंगळूरच्या कारखान्याचा माल. कुणाच्या तरी घरावर चढायला निघालेलं छप्पर वाटेतच खडकावर आपटून तळाला गेलं.

हे ऐकलं आणि मला माझं धुळ्याचं माहेर आठवलं. आमच्या गल्लीत निम्मी घरं धाब्याची, मातीच्या सपाट छताची. आमच्या वडिलांनी मात्र हौसेने पुढच्या सोप्यावर मंगळुरी कौलं घातली होती. पावसाळ्याआधी कौलं शाकारताना मी खाली उभी राहून एकेक कौल वर द्यायची. त्याच्या पाठीवरची उठावाची अक्षरं बोटाने चाचपायची मला सवय होती. तसली कौलं समुद्राच्या तळाशी आहेत म्हटल्यावर ते जहाज मला एकदम ओळखीचं वाटायला लागलं. मी सूनबाईला ‘येते’ म्हणून टाकलं.

आता त्या डब्याकडे येते.

धुळ्याला आमच्या घरामागे जिनिंग होतं. कापसाच्या हंगामात तिथली तूस अंगणभर उडायची, वाळत घातलेल्या पापडांवर बसायची. मी सात-आठ वर्षांची असताना मला पहिल्यांदा धाप लागली. रात्री उठून बसायची, छातीतून शीळ वाजायची. डॉक्टरांनी दमा सांगितला. आई मला पदराखाली घेऊन बसायची नि म्हणायची, “कोणले सांगू नको, माय!” तिचंही चुकत नव्हतं हो. दम्याची मुलगी म्हटल्यावर कुठलं स्थळ पुढे आलं असतं? पुढे माझं जळगावला ठरलं तेव्हा दम्याचा ‘द’सुद्धा कुणी काढला नाही. पाठवणीच्या वेळी आईने माझ्या पेटीत पैठणीच्या घडीत पंप सरकवला. तोंडाने ओढायचा, तोच तो पंप. म्हणाली, “लागला तर घे, नाही लागला तर फार चांगलं.”

लागला, मैत्रिणींनो. तीस वर्षं लागला. ह्यांचं बियाण्यांचं नि कीटकनाशकांचं दुकान. घरी येताना कपड्यांना त्याचाच वास. वर्षातून एकदा काळा मसाला करायचा. आपल्याकडचा काळा मसाला म्हणजे सुकं खोबरं नि कांदा काळा होईस्तोवर भाजायचा, मिरच्या तळायच्या. सगळं घर खोकत असतं, त्यामुळे माझ्या खोकल्याकडे कुणाचं लक्ष जायचं नाही. मी “वाळवण पाहून येते” म्हणून गच्चीवर जायची आणि पदराआड पंप ओढून खाली यायची. पंप कुठे ठेवायची? साबुदाण्याच्या डब्यात, तळाशी. साबुदाण्याला आमच्या घरी उपासाखेरीज कुणी हात लावत नाही! घरात सगळ्यांना माहीत होतं ते इतकंच, की हिला ‘धुळीची सर्दी’ आहे. एका श्रावणात कानबाईच्या रोटांच्या दिवशी, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, मी पहाटेपर्यंत मोरीत स्टुलावर बसून काढली. सकाळी सांगितलं, अपचन झालं होतं.

यात अभिमानाचं काही नाही, हे मला आता कळतं. तेव्हा मात्र आपण किती छान निभावलं, असंच वाटायचं.

आणि त्याहून वाईट पुढेच आहे. माझ्या लेकीला हाच त्रास आहे. आता ती पंचवीस वर्षांची आहे, नाशिकला बँकेत आहे. तिची धाप मी लहानपणीच ओळखली, माझ्या डॉक्टरांकडे गुपचूप नेलं, पंप आणला, आणि तिला सांगितलं, “कुणाला सांगू नकोस गं.” आईचंच वाक्य. फक्त आईने ते अहिराणीत सांगितलं होतं.

आम्ही गोव्याला निघालो त्याच आठवड्यात धुळ्याचं एक स्थळ तिच्यासाठी आलेलं होतं. घर चांगलं, मुलगा अभियंता. पत्रिका जुळलेली. गोव्याहून परतल्यावर बोलणी करायची, असं ठरलेलं.

भुसावळला गोवा एक्सप्रेसमध्ये बसलो ते थेट वास्कोला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर एका टेबलाशी आमच्या हातात एकेक छापील कागद दिला. नाव, वय, आणि खाली प्रश्नांची यादी. हृदयविकार आहे का? फिट येते का? कानाचं ऑपरेशन झालंय का? दिवस गेलेत का? (मला हसूच आलं.) आणि मध्येच एक ओळ, दमा आहे का, कधी होता का? पुढे दोन चौकोन, ‘हो’ आणि ‘नाही’.

हे शेजारीच उभे होते. माझा हात क्षणभरसुद्धा अडला नाही. मी सगळ्या ‘नाही’वर खुणा केल्या, सही ठोकली. तीस वर्षांचा सराव!

बोट निघाली. हवा निवळ होती, पाणी शांत होतं. शिक्षक चोवीस-पंचवीस वर्षांचा मुलगा, कोकणी वळणाचं गोड मराठी बोलणारा. त्याने आधी हाताच्या खुणा शिकवल्या. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘छान’ असा नाही, ‘मला वर न्या’ असा आहे. ‘ठीक आहे’ म्हणायचं तर अंगठा नि तर्जनीचं वर्तुळ करायचं. कान दुखायला लागले तर नाक चिमटीत धरून हळूच हवा कानांकडे ढकलायची. खालच्या कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही, काही उचलून आणायचं नाही.

“आणि सगळ्यांत मोठा नियम,” तो म्हणाला. “श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहा, सोडत राहा.”

मी विचारलं, “का हो भाऊ? पाण्यात तर श्वास रोखूनच जातात ना? विहिरीत सूर मारताना पोरं तेच करतात.”

त्याने फार सोपं करून सांगितलं. विहिरीत उडी मारणारा मुलगा वरची हवा घेऊन खाली जातो, तीच घेऊन वर येतो, म्हणून त्याला काही होत नाही. टाकीवाल्याचं तसं नाही. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्यापेक्षा दुप्पट असतो. तिथे छाती भरून घेतलेली हवा वर येता येता फुगते आणि पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. श्वास सोडत आलात तर जास्तीची हवा निघून जाते. रोखून धरलात तर फुप्फुस फाटू शकतं. सूनबाई म्हणाली, “आई, कुकरचंच बघा ना. शिट्टी मोकळी आहे तोवर काही होत नाही. शिट्टी चोंदली तर?”

“आणि जहाज उथळ आहे म्हणून निर्धास्त राहू नका,” शिक्षक पुढे म्हणाला. “दाबाचा सगळ्यांत मोठा फरक वरच्या दहा मीटरांतच पडतो. म्हणून तर कागदावर दमा विचारतो आम्ही. दम्यात एखादी बारीक नळी मध्येच आवळते. माणसाला वाटतं आपण श्वास सोडतोय, पण एका कोपऱ्यातली हवा आतच अडकलेली असते. त्यात थंड, कोरडी हवा ओढायची आणि मेहनत करायची, म्हणजे धाप लागायला निमित्तच. तिथे खाली धाप लागली तर खिडकी उघडता येत नाही, काकू.”

तो हे माझ्याकडे बघून बोलत नव्हता, सगळ्यांनाच सांगत होता. मी मात्र मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. आत रुमालात गुंडाळलेला पंप होता. मनात आलं, खाली हा मुलगा माझा हात धरणार. मला काही झालं तर हा मला वर घेऊन येणार, आणि हा का झालं म्हणून जन्मभर स्वतःला दोष देत बसणार. त्याला मी खोटा कागद दिलाय. मग एकदम लेकीचा चेहरा समोर आला. तिच्याही हातात मी असाच एक कागद देऊन ठेवलाय की!

मी म्हटलं, “भाऊ, माझा तो कागद परत द्या. मला दमा आहे. लहानपणापासून आहे.” आणि पर्स उघडून पंप सगळ्यांसमोर ठेवला.

बोटीचं इंजिन चालू होतं म्हणून बरं, नाहीतर ती शांतता मला सोसली नसती. ह्यांनी एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काही बोलले नाहीत. तो मुलगा मात्र जराही चिडला नाही. म्हणाला, “काकू, सांगितलंत ते फार बरं केलंत. आज टाकी नाही. आधी छातीच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, ते काय म्हणतील ते. आज बरं वाटत असेल तर वरूनच दाखवतो.”

सूनबाई नि मुलगा टाकी बांधून खाली गेले. मला जाकीट घातलं, डोळ्यांना काच नि तोंडात वाकडी नळी दिली, आणि एक मोठं कडं धरायला दिलं. शिक्षक शेजारी. मी पाण्यात तोंड घातलं, आणि पहिलं काय केलं असेल? श्वास रोखला! त्याने खांद्यावर टकटक केलं. मी सोडला. घेतला. पुन्हा सोडला. नळीतून माझा श्वास मला मोठ्याने ऐकू यायला लागला. तीस वर्षं ज्याचा आवाज होऊ नये म्हणून जपलं, तो तिथे भोंग्यासारखा वाजत होता आणि कुणाला त्याचं काही नव्हतं.

गोव्याचं पाणी काचेसारखं नसतं, हिरवट-धुरकट असतं. आधी नुसती एक काळी सावली दिसली. मग त्या सावलीला काठ आला. लोखंडाचे पत्रे, गुरांच्या फासळ्यांसारखे वाकलेले दांडे, आणि सगळ्यावर शिंपल्यांची खरखरीत साल. पिवळ्या माशांचा एक थवा त्या फासळ्यांतून आत गेला नि पलीकडून निघाला, जसा काही त्यांचा रोजचा जिना असावा. सूनबाई नंतर म्हणाली, वाळूच्या तळावर चिकटायला काही नसतं. लोखंड मिळालं की शिंपले, स्पंज त्याला धरतात, त्यांच्यामागे लहान मासे येतात, लहानांमागे मोठे. आपलं नौदलाचं ‘गुलदार’ जहाज १९८५ साली सेवेत आलं नि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं. चौऱ्याऐंशी मीटर लांबीचं ते जहाज फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाकडे दिलं, ते निवतीच्या खडकांजवळ मुद्दाम तळाशी नेऊन पाण्याखालचं संग्रहालय करायचं, याच हेतूने.

पण खरं सांगू? माझ्या मनात राहिले ते बुडबुडे. खालून सूनबाईच्या श्वासाचे बुडबुडे वर येत होते. सुटताना मोत्याएवढे. वर येता येता सुपारीएवढे, लिंबाएवढे, आणि माझ्या तोंडाशी येईस्तोवर ताटलीएवढे पसरून फुटत होते. त्या मुलाने बोटीवर सांगितलेला नियम मला डोळ्यांनी दिसत होता.

वर आले तेव्हा हे बोटीच्या काठाशी उभे होते. माझा पंप त्यांच्या मुठीत होता. कसा धरतात तेही माहीत नव्हतं, उलटा धरला होता.

रात्री खोलीवर हे म्हणाले, “तीस वर्षं! मी काय तुला टाकून दिलं असतं?” मी म्हटलं, “आता नाही. पण तेव्हा? बघायला आलात तेव्हा सांगितलं असतं, तर होकार दिला असतात?” हे बराच वेळ पंख्याकडे बघत पडले. मग म्हणाले, “मला माहीत नाही.” हे उत्तर मला आवडलं. उगीच गोड बोलले असते, तर मला राग आला असता.

जळगावला आल्यावर हे स्वतः मला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. फुंकर मारायची तपासणी झाली. डॉक्टरांनी जे सांगितलं ते तुमच्यासाठीही लिहून ठेवते. पंप दोन तऱ्हांचे असतात. धाप लागली की घ्यायचा तो नळ्या तेवढ्यापुरत्या मोकळ्या करतो. आतली सूज कमी करणारा पंप वेगळा, तो डॉक्टर सांगतील तसा नियमाने घ्यायचा. नुसत्या धापेच्या पंपावर दिवस काढू नयेत, हे दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही २०१९ पासून स्पष्ट सांगितलेलं आहे. मी तीस वर्षं नेमकं तेच करत होते. पंपाची ‘सवय लागते’ ही भीती खोटी आहे. सुजेचा पंप घेतल्यावर चूळ मात्र भरायची, नाहीतर तोंड येतं. आणि मिरच्या भाजायच्या असतील तर ते काम दुसऱ्या कुणावर सोपवायचं. आमच्याकडे यंदा ते ह्यांनी केलं. खोकून खोकून लाल झाले, पण केलं. टाकी बांधून खाली जायला डॉक्टरांनी तूर्त ‘नाही’ म्हटलंय. मला त्याचं वाईट वाटत नाही.

आता लेकीचं. मी तिला नाशिकला फोन करून सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आई, मी बँकेतसुद्धा बाथरूममध्ये जाऊन पंप घेते गं.” मला ऐकवेना. मी तिला विचारलं, “धुळ्याच्या लोकांना सांगू?” ती म्हणाली, “तू नको, मीच सांगते.” पुढच्या भेटीत तिने मुलाला सरळ सांगितलं. तो तेव्हा चांगलं बोलला. आठ दिवसांनी त्यांच्याकडून निरोप आला, “तूर्त आम्ही थांबतोय.” कारण दिलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

माझी आई आता थकली आहे. ती म्हणाली, “मी सांगितलंच होतं.” त्या रात्री मी पुष्कळ रडले, खोटं कशाला सांगू? दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. येईल, न येईल. पण दिवाळीला लेक घरी आली, फराळाची गडबड चालली होती, कढईतल्या तेलाचा धूर झाला नि तिला ठसका लागला. ती उठली, सगळ्या पाहुण्यांसमोर फळीवरचा पंप घेतला, दोनदा ओढला, आणि पुन्हा खाली बसून करंजीला मुरड घालायला लागली. एका मावशींनी विचारलं, “काय गं ते?” ती म्हणाली, “दमा आहे मला.” मावशी म्हणाल्या, “अगं, माझ्या नातवालापण आहे,” आणि डोळे पुसत हळू आवाजात बोलायला लागल्या.

साबुदाण्याच्या डब्यात आता फक्त साबुदाणा असतो. तुमच्या डब्याच्या तळाशी काय आहे, मैत्रिणींनो? दमा असेल, साखर असेल, फिट असेल, नाहीतर आणखी काही. तो डबा उघडायला समुद्रावर जायलाच हवं असं नाही.